'नाही' हा शब्द शेवटी राहिला, त्याची गोष्ट

गेल्या आठवड्यात गावाकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा सकाळी सहाला फोन. "भाऊ, लासलगावचा भाव खरंच इतका निघालाय का? ग्रुपवर आलंय." मी म्हटलं, मेसेज पाठव. आला. मोठ्ठ्या अक्षरात भाव, तीन आगीचे इमोजी, खाली 'शेअर करा'. तारीख नाही. उन्हाळ की लाल, पत्ता नाही. किमान, कमाल, सरासरी, काहीच नाही. मी त्याला म्हटलं, पिकअप भरू नकोस, आधी बाजार समितीत फोन लाव. तो म्हणाला, "भरलाय ओ. रात्रीच भरलाय."

त्यावर मी ग्रुपवर जरा चिडून लिहिलं, की तारखेशिवाय भाव टाकणाऱ्यांना ग्रुपमधून काढा. एकाने लगेच विचारलं, "तुम्हाला एवढा राग का येतो? तुमचं काय जातंय?"

माझं काय गेलं होतं, आणि माझ्यामुळे दुसऱ्याचं काय गेलं होतं, ते आज सांगतो. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

२००९-१०ची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मला सहा-सात वर्षं झाली होती. एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. मानधन इतकं, की पेट्रोल टाकलं की चहाला उरत नसे. निफाड, येवला, चांदवड, सगळीकडे मोटारसायकलवर फिरायचो. बाजार समितीत रोज जाणं व्हायचंच, कारण आपल्याकडे कांदा हीच पहिल्या पानाची बातमी. पण पेपरात भाव छापून येणार दुसऱ्या दिवशी सकाळी. शेतकरी रात्री ट्रॉली भरतो आणि पहाटे निघतो. म्हणजे पेपर हातात पडतो तेव्हा हा माणूस लिलावाच्या रांगेत उभा असतो. बातमी खरी, पण शिळी.

तोवर मोबाईल मात्र घराघरात आला होता. मागे टॉर्च असलेला नोकिया आठवत असेल. रात्री मोटर चालू करायला जाताना तोच दिवा. म्हटलं, या डबीतच भाव का पोचवू नये?

हा विचार काही मला एकट्याला सुचलेला नव्हता. रॉयटर्ससारख्या जागतिक वृत्तसंस्थेने २००७मध्ये आपल्याच महाराष्ट्रात 'रॉयटर्स मार्केट लाइट' नावाची सेवा सुरू केली होती. पैसे भरायचे, आपलं पीक आणि आपली बाजारपेठ सांगायची, की मोबाईलवर भाव, हवामान, पिकाचा सल्ला मराठीत. तिची कार्डं पोस्टातही मिळायची. शहरातल्या पोरांमध्ये एसएमएस गपशप जोरात होतं. एक मेसेज टाकला की सगळ्या ग्रुपला जायचा. व्हॉट्सॲप आपल्याकडे यायच्या आधीचा हा ग्रुप.

मी माझ्या आवाक्यातलं केलं. एका एजंटाकडून बल्क एसएमएसचं पॅकेज घेतलं, मेसेजला पाच-सात पैसे पडायचे. निफाडला मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर. वहीत नंबर लिहून घ्यायचे, महिन्याला दहा रुपये. पहिल्या महिन्यात चाळीस नंबर झाले, वर्षभरात सहाशेच्या वर गेले. त्यातले निम्मे पैसे द्यायचे, निम्मे म्हणायचे, "देतो रे, कांदा गेला की." पण तोट्यात नव्हतो. दुपारी तीन बाजारांचे भाव आणि संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची सूचना. रोज दोन मेसेज. मला खरं तर पैशापेक्षा जास्त मजा यायची ती वेगळीच. चहाच्या टपरीवर कोणीतरी खिशातून फोन काढून माझाच मेसेज मला वाचून दाखवायचं.

आता यातली खरी अडचण सांगतो. ती मशीनची आहे आणि भाषेचीही.

एसएमएस इंग्रजी अक्षरात लिहिला तर एका मेसेजात १६० अक्षरं बसतात. देवनागरीत लिहिला की फक्त ७०. कारण मेसेजची पिशवी ठरलेली, १४० बाइटची. इंग्रजी अक्षर त्यात सात बिटांत मावतं, आपल्या अक्षराला सोळा लागतात. बरं, ही ७०सुद्धा आपण मोजतो तशी नाहीत. 'कांदा' म्हटलं की आपल्याला दोन अक्षरं दिसतात. मशीन पाच मोजतं. क, काना, अनुस्वार, द, परत काना. प्रत्येक मात्रेचं वेगळं भाडं. म्हणजे मराठी माणसाने मराठीत भाव कळवायचा तर दुप्पट पैसे. शिवाय त्या काळच्या निम्म्या फोनांवर देवनागरी दिसायचीच नाही, नुसते चौकोन यायचे. एक आजोबा मला म्हणाले होते, "तू वाफे पाडून पाठवतो का काय रे?"

म्हणून इंग्रजी अक्षरात मराठी लिहायचं, असं ठरलं. सगळा देश तेच करत होता. जागा वाचवायला शब्द तोडायचे, स्वर गाळायचे. वाचणाऱ्याला सवय झाली की झालं.

फेब्रुवारी २०११. त्याआधीचे तीन महिने जुन्या लोकांना आठवत असतील. नोव्हेंबरच्या अवकाळीने लाल कांदा झोपवला, डिसेंबरात भाव असा चढला की दिल्लीत ओरड झाली आणि केंद्राने निर्यात थांबवली. मग नवा माल यायला लागला आणि भाव उतरणीला लागला. लाल कांदा उन्हाळसारखा चाळीत ठेवता येत नाही. काढला की विकायचा. रोज थांबाल तर रोज तोटा. अशा वेळी माणूस मेसेजची वाट कशी बघत असेल, तुम्हीच बघा.

एका बाजार समितीत हमाली-तोलाईच्या वादावरून बैठक चालली होती. संध्याकाळी उशिरा निरोप आला, बोलणी फिसकटली, उद्या लिलाव बंद. मी धावत झेरॉक्सच्या दुकानात गेलो. त्या दिवशी दुपारचा भावाचा मेसेज राहिला होता. म्हटलं, दोन कशाला पाठवा, एकातच बसवू, पैसे वाचतील. आधी तीन बाजारांचे भाव लिहिले, मग त्या समितीचं नाव, मग 'उद्या लिलाव होणार नाहीत'. पाठव दाबलं, शटर ओढलं, घरी जेवायला गेलो.

मी अक्षरं मोजली नव्हती. १६०च्या पुढची चार-पाच अक्षरं झाली होती. आणि माझ्या पॅकेजात एकच मेसेज जायचा, उरलेलं शेपूट तिथेच कापलं जायचं. हे मला माहीत होतं. तिथे लिहिलेलंही होतं.

सहाशे लोकांच्या फोनवर काय गेलं? 'उद्या लिलाव होणार.'

इंग्रजीत असतं तर वाचलो असतो. त्यांचा नकार क्रियापदाला चिकटून पुढेच येतो. आपली मराठी नकार शेवटपर्यंत राखून ठेवते. 'मी येणार', 'मी तुमच्या पोराच्या लग्नाला सहकुटुंब येणार', इथवर ऐकणारा खूश असतो, आणि शेवटी 'नाही'. बोलताना हरकत नसते, कारण समोरच्याचं तोंड बघून आपल्याला आधीच कळलेलं असतं. मेसेजला तोंड नसतं.

पहाटे साडेपाचला फोन वाजायला लागला. मी मोटारसायकल काढून गेलो तर बंद गेटबाहेर अकरा वाहनं. सगळी माझ्यामुळे नव्हती, काहींना काहीच निरोप नव्हता. पण चार ट्रॉल्या माझा मेसेज वाचून आल्या होत्या. त्यात आमच्या ओळखीचे एक होते, त्यांना सगळे नानाच म्हणतात. तीस क्विंटल कांदा, भाड्याचा ट्रॅक्टर. शेजाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, की नाना, ऐकलंय उद्या बंद आहे. नाना त्याला म्हणाले होते, "पत्रकाराचा मेसेज आलाय. तो खोटं लिहीत नाही."

हे वाक्य मला तिथे गेटवरच ऐकायला मिळालं.

लिलाव तीन दिवस बंद राहिले. ट्रॉली परत न्यायची तर डिझेल, भाडं, पुन्हा भराई. नाना थांबले. दुसऱ्या रात्री पाऊस शिंतडला, फार नाही, पण ताडपत्री एका कोपऱ्याला फाटलेली होती. चौथ्या दिवशी लिलाव सुरू झाले तेव्हा तुंबलेली आवक एकदम आली, भाव अजून खाली, आणि नानांच्या ट्रॉलीतला वरचा थर ओला म्हणून बोली त्याहून खाली. काटापट्टी मी पाहिली. ट्रॅक्टरचं भाडं आणि मजुरी वजा जाता हातात जे राहिलं त्याला पैसे म्हणणं अवघड होतं.

आता जे मी कुठेच लिहिलं नव्हतं ते लिहितो. त्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना दुसरा मेसेज पाठवला. त्यात काय लिहिलं? 'तांत्रिक अडचणीमुळे सकाळचा मेसेज अपूर्ण गेला, क्षमस्व.' तांत्रिक अडचण! एखाद्या कार्यालयाने हे शब्द वापरले की मी चौकटीत बातमी करायचो, 'जबाबदारी झटकली' असा मथळा देऊन. आणि स्वतःवर आली तेव्हा तेच दोन शब्द हाताला आले. अडचण तांत्रिक नव्हती. मी पाच-सात पैशांसाठी दोनाचा एक मेसेज केला होता आणि मोजला नव्हता.

डिप्लोमाला आमचे सर पहिल्याच आठवड्यात उलटा पिरॅमिड शिकवायचे. सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात आधी, कारण उपसंपादक बातमी खालून कापतो. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो. मी परीक्षेत त्यावर चांगले मार्क मिळवले होते. मशीन पण खालूनच कापतं, एवढं मात्र डोक्यात आलं नाही.

आठ दिवसांनी नानांकडे पैसे घेऊन गेलो. जेवढे जमले तेवढे. नानांनी घेतले नाहीत. रागावलेही नाहीत, आणि त्याचंच जास्त लागलं. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "हे बघ, बंद असलं की आधी बंद लिहीत जा. मग पुढं काय लिहायचं ते लिही. आम्ही पहिला शब्द बघतो आन् निघतो." मग थोडं थांबून, "आन् माझा नंबर काढू नको यादीतून."

त्या दिवसापासून माझ्या मेसेजात बंद असेल तर पहिला शब्द 'बंद'. मग कुठे, मग कधी, मग बाकीचं. भाव असेल तर आधी तारीख, मग बाजार, कांद्याचा प्रकार, मग किमान, कमाल आणि सरासरी. कमाल भाव कधीच एकटा पाठवला नाही. कमाल म्हणजे एका ट्रॉलीला मिळालेला भाव. तो ऐकून शंभर जण निघतात आणि नव्व्याण्णव जण सरासरीला विकून येतात. आजही ग्रुपवर फिरतो तो कमालच.

सेवा पुढे का बंद पडली, तेही सांगतो, कारण अनेकांना वाटतं मी कंटाळलो.

सप्टेंबर २०१०मध्ये अयोध्येच्या निकालाच्या वेळी सरकारने देशभर बल्क एसएमएस थांबवले होते. अफवा पसरू नयेत म्हणून. बरोबरच होतं, पण अफवेबरोबर आमचा कांद्याचा भावही थांबला. ऑगस्ट २०१२मध्ये पुन्हा तेच. ईशान्येकडची मुलं अफवांनी घाबरून पुणे-बंगळूर सोडून निघाली तेव्हा पंधरा दिवस बल्क बंद, दिवसाला पाचच मेसेज, नंतर वीस. आणि या दोन्हींच्या मध्ये, २७ सप्टेंबर २०११ला, ट्रायचे नियम लागू झाले. साध्या सिमवरून दिवसाला शंभरच मेसेज. व्यवसाय म्हणून पाठवायचे तर नोंदणी करा. आणि असे मेसेज रात्री नऊ ते सकाळी नऊ पाठवायचे नाहीत.

नियम चुकीचा होता का? नाही. कर्ज घ्या, फ्लॅट घ्या म्हणून रात्री-अपरात्री फोन वाजायचे, लोक वैतागले होते. पण नऊ ते नऊ ही शहराच्या झोपेची वेळ आहे. माझा गिऱ्हाईक रात्री दहाला ट्रॉली भरतो आणि पहाटे चारला निघतो. बँका, रेल्वे, विमान कंपन्या यांच्या मेसेजची सोय वेगळी केली होती. झेरॉक्सच्या दुकानातून चालणाऱ्या भावाच्या मेसेजला तसा कुठला रकाना नव्हता. आम्ही आणि फ्लॅट विकणारा एकाच रांगेत. २०१२च्या दिवाळीला मी यादी बंद केली. शेवटच्या मेसेजात तरी खरं लिहिलं, 'बंद: ही सेवा आजपासून.'

नंतर सरकार स्वतःच उतरलं. जुलै २०१३मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते एम-किसान पोर्टल सुरू झालं. पुढे २०१६ला ई-नाम आलं. आणि मार्च २०२१ आठवतो का? नोंदणी नसलेले मेसेज अडवणारी नवी यंत्रणा चालू केली आणि देशभर बँकांचे ओटीपीच अडकले. शेवटी सात दिवस ती थांबवावी लागली. मोठमोठ्या बँकांचंही शेपूट कापलं जातं, हे बघून त्या दिवशी मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग प्रश्न राहतो, की या सगळ्याने शेतकऱ्याचा फायदा झाला का?

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा केरळच्या मच्छीमारांवरचा २००७चा अभ्यास जगभर गाजला. किनाऱ्यावर मोबाईल आला, बोटी समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदरात भाव आहे ते विचारायला लागल्या. मासळी फेकून देणं जवळपास थांबलं, मच्छीमारांचा नफा वाढला, गिऱ्हाइकाला मासळी स्वस्त मिळाली. सगळे म्हणाले, बघा, माहिती मिळाली की गरिबी हटते. मग मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन या दोन अभ्यासकांनी आपल्या महाराष्ट्रातल्या शंभर गावांत ती रॉयटर्सची सेवा तपासली. काही शेतकऱ्यांना ती फुकट दिली, काहींना नाही. २०१२ला निष्कर्ष छापून आला. सरासरीने बघता मिळालेल्या भावात दखल घ्यावी असा फरक नाही.

हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस गप्प होतो. पण विचार केला तर पटतं. बोटीला समुद्रात तोंड फिरवता येतं. भरलेली ट्रॉली फिरवायला डिझेल लागतं. त्यात भाड्याचा ट्रॅक्टर, ओळखीचा व्यापारी, त्याच्याकडून घेतलेली उचल. लासलगावला शंभर रुपये जास्त आहेत हे कळून चांदवडच्या माणसाने करायचं काय? आणि निर्यातबंदी दिल्लीत झाली, की सगळ्याच बाजारांचा भाव एकदम पडतो. डिसेंबर २०२३ला पडला तसा. तेव्हा कुठला मेसेज वाचवणार होता?

म्हणजे मेसेज भाव वाढवत नाही. हे मी आता मान्य करतो. पण चुकीचा मेसेज नुकसान मात्र नक्की करतो, तेही एका रात्रीत. भाव वाढला नाही तरी बंद गेटसमोरची फेरी वाचवणं एवढं त्याच्या हातात असतं. माझ्या सेवेची खरी किंमत तेवढीच होती, आणि त्या एका दिवशी मी नेमकी तीच घालवली.

हे फक्त कांद्याचं नाही. नाशिककरांना पुराचं सांगायला नको. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, असा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. क्युसेक म्हणजे काय, हे पंचवटीतल्या फुलवाल्या मावशींना कोणी सांगितलंय? त्या बघतात दुतोंड्या मारुतीकडे. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. २०१६ला आणि ४ ऑगस्ट २०१९ला सगळं नाशिक हेच विचारत होतं, "मारुती कुठवर बुडाला?" हा आपला जुना मेसेज. त्याला अक्षरांची मर्यादा नाही, आणि तो अर्धवट वाचला जात नाही. आता सिंहस्थ आलाय. लाखो लोकांच्या फोनवर एकदम सूचना जातील. त्या लिहिणाऱ्या साहेबांना हात जोडून एकच सांगणं आहे. 'रामकुंडाकडे जाणारा अमुक रस्ता गर्दीमुळे पुढील सूचनेपर्यंत वाहतुकीस खुला राहणार नाही' असं लिहू नका. 'बंद' पहिला लिहा. चालणारा माणूस पहिला शब्द बघतो आणि निघतो.

बाजार समित्यांनाही तेच. लिलाव बंदचा निर्णय संध्याकाळी सहाच्या आत जाहीर करा. सातला ट्रॉल्या भरायला लागतात. बैठक लांबली तर 'बैठक चालू आहे, ट्रॉली भरू नका' एवढं तरी कळवा. याला ॲप लागत नाही, टेंडर लागत नाही.

आणि ग्रुपवाल्यांनो, भाव टाकताना एवढंच. तारीख. बाजार. उन्हाळ, लाल की रांगडा. किमान, कमाल, सरासरी. मेसेज कुणाकडून आला ते. पाच गोष्टी नसतील तर पुढे ढकलू नका, स्वतःपाशीच ठेवा.

नाना आता थकलेत. मुलगा शेती बघतो. मध्यंतरी भेटलो तेव्हा मी पहिल्यांदाच सरळ सांगितलं, की नाना, तेव्हा तांत्रिक अडचण नव्हती, मी मोजलं नव्हतं. ते म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. मशीन कधी क्षमस्व म्हणतं का?"

परवाच्या त्या तरुणाचं काय झालं, तर पिकअप भरलेलाच होता, तो गेला. सरासरीच्याही खाली विकून आला. ज्याने मेसेज टाकला त्याला विचारलं तर म्हणाला, "मला पुढून आला, मी फॉरवर्ड केला." मी त्याला काही बोललो नाही. ही पोस्ट त्याच्यासाठीच लिहिली आहे.

कॉपी करा, पुढे पाठवा, माझं नाव नसलं तरी चालेल. फक्त शेवटपर्यंत पाठवा.